विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकायचे असेल तर: तयारी, इन्स्टॉलेशन आणि पहिला आठवडा

प्रश्न असा आहे: घरी ७-८ वर्षांचा लॅपटॉप आहे, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची जुनी फिरती हार्ड डिस्क आणि विंडोज १०. त्यावर विंडोज ११ चढत नाही. विंडोज न घालवता शेजारी लिनक्स टाकायचे आहे. कोणते टाकावे, कसे टाकावे आणि काय बिघडू शकते?

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे अशा मशीनवर लिनक्स टाकणे हा योग्य विचार आहे. प्रत्यक्ष इन्स्टॉलेशन अर्ध्या-पाऊण तासाचे काम आहे आणि त्यात सहसा काही बिघडत नाही. डेटा जातो, विंडोज उघडेनासे होते, असे प्रकार बहुतेक वेळा आधीच्या तयारीत काही राहिल्यामुळे होतात. म्हणून या उत्तरात बटणे कुठली दाबायची यापेक्षा ती दाबण्याआधी काय करायचे यावर जास्त लिहिले आहे.

कोणते लिनक्स

लिनक्स म्हणजे खरे तर फक्त कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलेला. त्याच्याभोवती डेस्कटॉप, प्रोग्राम, इन्स्टॉलर आणि अपडेटची व्यवस्था बसवून जे तयार पॅकेज मिळते त्याला डिस्ट्रो म्हणतात. डिस्ट्रो शेकड्यांनी आहेत आणि नवखा माणूस त्यांची तुलना करण्यातच महिना घालवतो. तुमच्या मशीनसाठी सरळ उत्तर आहे: लिनक्स मिंट, एक्सएफसीई आवृत्ती. मिंटची २२ ही मालिका उबुंटू २४.०४ वर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत. एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप आहे. रॅम ८ जीबी किंवा जास्त असेल तर सिनॅमन आवृत्ती घ्या, ती दिसायला नेटकी आहे आणि खाली मेन्यू, उजव्या कोपऱ्यात घड्याळ ही विंडोजची सवय तिथे मोडत नाही.

उबुंटू चांगले आहे, पण त्याचा नेहमीचा गनोम डेस्कटॉप ४ जीबी रॅमवर अडखळतो. फेडोराची नवी आवृत्ती साधारण दर ६ महिन्यांनी येते आणि प्रत्येक आवृत्तीला जेमतेम १३ महिने सपोर्ट असतो. ज्याला एकदा बसवून कामाला लागायचे आहे त्याच्यासाठी हे नाही. डेबियन अतिशय स्थिर आहे, फक्त सुरुवातीला हाताने करायची कामे थोडी जास्त.

एक गोष्ट मात्र आधीच स्पष्ट सांगायला हवी. लिनक्स टाकल्याने ब्राउझरची भूक कमी होत नाही. ४ जीबी रॅमवर मिंट सुरू होऊन शांत बसते तेव्हा बरीच मेमरी मोकळी असते, पण १०-१२ टॅब उघडले की ती भरते आणि मग फिरत्या हार्ड डिस्कवर स्वॅप (डिस्कचा मेमरीसारखा वापर) सुरू होऊन मशीन गोठल्यासारखे होते. शक्य असेल तर हार्ड डिस्क काढून अडीच इंची साटा एसएसडी बसवा आणि रॅम ८ जीबी करा. या दोन बदलांपैकी एकच करता येणार असेल तर एसएसडी करा. कुठलाही डिस्ट्रो बदलून जो फरक पडणार नाही तो त्याने पडतो.

आधी विंडोजमध्ये करायची कामे

पहिले काम बॅकअप. फोटो, कागदपत्रे, ब्राउझरमधले पासवर्ड, फोनचा संगणकावर घेतलेला डेटा, सगळे बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा आणि त्यातल्या दोन-चार फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हवर ठेवलेली प्रत म्हणजे बॅकअप नव्हे, कारण पार्टिशनचा (डिस्कच्या भागांचा) तक्ता बिघडला तर सी आणि डी दोन्ही एकदम जातात.

दुसरे काम बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद ठेवणारे विंडोजचे एन्क्रिप्शन, तपासणे. विंडोजच्या होम आवृत्तीत हेच 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' या नावाने असते आणि पुष्कळदा मालकाला न कळत चालू असते. सेटिंग्जमध्ये शोधाच्या चौकटीत 'एन्क्रिप्शन' टाइप केले की सापडते. ते चालू असताना सिक्युअर बूट (फक्त सही असलेल्या सिस्टिमला सुरू होऊ देणारी सेटिंग) किंवा बूटचा क्रम बदलला, तर विंडोज पुढच्या वेळी ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती नसेल तर डेटा मिळण्याचा कोणताही मार्ग नाही. एन्क्रिप्शन इतके पक्के असते की दुरुस्तीवालाही काही करू शकत नाही. म्हणून आधी मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाऊन ती की कागदावर उतरवून घ्या. मग एन्क्रिप्शन बंद करा आणि ड्राइव्ह पूर्ण उघडेपर्यंत थांबा. फिरत्या डिस्कवर याला काही तास लागतात. लिनक्सच्या इन्स्टॉलरला बिटलॉकरखालचे पार्टिशन लहान करता येत नाही, त्यामुळे ही पायरी तशीही टळत नाही.

तिसरे काम फास्ट स्टार्टअप बंद करणे. हे चालू असताना तुम्ही 'शट डाउन' केले तरी विंडोज खऱ्या अर्थाने बंद होत नाही. ते कर्नलची स्थिती डिस्कवर साठवून अर्धवट झोपते आणि सी ड्राइव्हची फाइल सिस्टिम 'वापरात' असल्याची खूण राहते. लिनक्समधून तो ड्राइव्ह उघडला की एकतर तो उघडत नाही किंवा फक्त वाचता येतो, लिहिता येत नाही. जबरदस्तीने लिहिले तर विंडोज जागे झाल्यावर जुन्या आठवणीप्रमाणे पुन्हा लिहिते आणि फाइली खराब होतात. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' इथे जा, वरची 'सध्या उपलब्ध नसलेली सेटिंग बदला' या अर्थाची ओळ दाबा आणि खालची फास्ट स्टार्टअपची खूण काढा. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर ती खूण परत आली नाही ना हे एकदा बघत जा.

चौथे काम म्हणजे संगणक यूईएफआय पद्धतीने सुरू होतो की जुन्या बायोस पद्धतीने, हे पाहणे (दोन्ही मशीन सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या व्यवस्था, आणि त्यांच्या सेटिंगच्या पडद्याला पुढे बायोसच म्हटले आहे). विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबा, 'एमएसइन्फो३२' टाइप करा (इथे आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत द्यायच्या) आणि 'बायोस मोड' ही ओळ वाचा. तिथे 'यूईएफआय' असेल तर लिनक्सही यूईएफआय पद्धतीनेच टाकायचे, 'लेगसी' असेल तर लेगसीनेच. दोन वेगळ्या पद्धतींनी टाकलेल्या सिस्टिम एकाच मेन्यूत येत नाहीत आणि प्रत्येक वेळी बायोसमध्ये जाऊन मोड बदलावा लागतो. दुहेरी बूटच्या तक्रारींत हे कारण नेहमीचे आहे, आणि टाळायला एक मिनिट पुरते.

आता जागा मोकळी करा. हे काम लिनक्सच्या इन्स्टॉलरनेही होते, पण विंडोजचे पार्टिशन विंडोजनेच लहान करावे, त्याला स्वतःच्या फाइली कुठे आहेत ते जास्त चांगले माहीत असते. डिस्क मॅनेजमेंट उघडा, सी ड्राइव्हवर उजवे क्लिक, 'श्रिंक व्हॉल्यूम'. आकडा एमबीमध्ये द्यायचा असतो: ५० जीबीसाठी ५१२००, १०० जीबीसाठी १०२४००. मिंट २० जीबीत बसते, पण अपडेट, स्नॅपशॉट (सिस्टिमची साठवलेली स्थिती) आणि तुमच्या फाइली धरून ५० च्या खाली जाऊ नका, १०० दिले तर उत्तम. विंडोजलाही निदान २० जीबी मोकळी जागा राहू द्या. मोकळी झालेली जागा 'अनअ‍ॅलोकेटेड' अशी काळ्या पट्टीत दिसेल. ती तशीच सोडा. तिथे नवा ड्राइव्ह बनवू नका, फॉरमॅट मारू नका.

कधी सी ड्राइव्हमध्ये २०० जीबी रिकामे असूनही विंडोज १०-१२ जीबीच कमी करू देते. याचे कारण पेज फाइल, हायबरनेशनची फाइल किंवा रिस्टोअर पॉइंट पार्टिशनच्या मधोमध बसलेले असतात आणि चालू विंडोज त्यांना हलवू शकत नाही. पेज फाइल आणि सिस्टिम प्रोटेक्शन तात्पुरते बंद करा, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' ही आज्ञा द्या, मशीन रीस्टार्ट करा आणि पुन्हा श्रिंक करा. झाल्यावर पहिल्या दोन गोष्टी परत चालू करायला विसरू नका.

लेगसी मशीनमध्ये आणखी एक अडचण येते. जुन्या एमबीआर तक्त्यात फक्त ४ प्रायमरी पार्टिशन मावतात. कंपनीने आधीच चार करून ठेवली असतील तर मोकळी केलेली जागा लिनक्सच्या इन्स्टॉलरमध्ये 'अनयूजेबल' दिसते. अशा वेळी विंडोज डिस्क 'डायनॅमिक' करण्याचा प्रस्ताव देते. त्याला हो म्हणू नका, लिनक्सचा इन्स्टॉलर डायनॅमिक डिस्कशी नीट जमवून घेत नाही. चारपैकी डेटाचे एखादे पार्टिशन रिकामे करून काढून टाकणे हाच बरा उपाय.

पेन ड्राइव्ह

८ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो. त्यावरचे सगळे पुसले जाणार आहे. आयएसओ फाइल (पूर्ण इन्स्टॉलेशन असलेली एकच फाइल) मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवा, ती साधारण ३ जीबीची असते. उतरवल्यावर तिचा एसएचए२५६ चेकसम (फाइलचा ठसा) पडताळा: विंडोजच्या पॉवरशेलमध्ये 'गेट-फाइलहॅश' लिहून पुढे फाइलचे नाव दिले की ६४ अक्षरांची एक ओळ येते, ती संकेतस्थळावर दिलेल्या ओळीशी तंतोतंत जुळली पाहिजे. लोकांना हे शास्त्रोक्त सोपस्कार वाटतात. पण डाउनलोड मध्येच तुटून एखादा तुकडा खराब झाला, तर इन्स्टॉलेशन ७०-८० टक्क्यांवर न कळणारी चूक दाखवून थांबते आणि माणूस हार्ड डिस्कला दोष देत बसतो.

आयएसओ नुसती कॉपी करून पेन ड्राइव्ह बूट होत नाही, ती रुफस किंवा बलेना एचर अशा प्रोग्रामने लिहावी लागते. रुफसमध्ये पार्टिशन स्कीम यूईएफआय मशीनसाठी जीपीटी (नव्या पद्धतीचा तक्ता), लेगसीसाठी एमबीआर निवडा, बाकी सगळे जसे आहे तसे ठेवा. लिहून झाल्यावर विंडोज कधीकधी 'हा ड्राइव्ह फॉरमॅट करायचा का' असे विचारते, कारण आतली रचना त्याला वाचता येत नाही. 'कॅन्सल' करा. फॉरमॅट केले तर पुन्हा पहिल्यापासून लिहावे लागेल.

आधी लाइव्ह चालवून पाहा

पेन ड्राइव्ह लावून मशीन सुरू करताना बूट मेन्यूचे बटण दाबत राहायचे. डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ१२, एचपीवर एस्केप किंवा एफ९, आसुसवर एस्केप किंवा एफ८. एसरवर एफ१२, पण ते आधी एफ२ ने बायोसमध्ये जाऊन चालू करावे लागते. मेन्यूत पेन ड्राइव्हचे नाव दोनदा दिसले तर यूईएफआय मशीनवर ज्याच्या आधी 'यूईएफआय' लिहिले आहे तेच निवडा. सिक्युअर बूट बंद करायची सहसा गरज नाही, मिंट, उबुंटू, फेडोरा, डेबियन हे चारही ते चालू असताना बूट होतात.

आता जे उघडते ती पेन ड्राइव्हवरून चालणारी पूर्ण सिस्टिम आहे. हार्ड डिस्कला अजून हात लागलेला नाही. इथे अर्धा तास घालवा: वायफाय दिसते का, आवाज येतो का, स्क्रीनचा उजेड बटणांनी कमी-जास्त होतो का, टचपॅड नीट चालतो का, कॅमेरा, ब्लूटूथ, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लॅपटॉप मिटून उघडल्यावर जागा होतो का. सगळे थोडे संथ वाटेल, ते पेन ड्राइव्हच्या वेगामुळे. त्यावरून मत बनवू नका.

वायफाय अजिबात दिसत नसेल तर अनेकदा ब्रॉडकॉमची चिप असते. तिचा ड्रायव्हर इंटरनेटवरून घ्यावा लागतो आणि इंटरनेट तर वायफायवरच, अशी कोंडी होते. फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्स ते वायरच्या नेटवर्कसारखे लगेच ओळखते. मग ड्रायव्हर मॅनेजर उघडून सुचवलेला ड्रायव्हर टाकायचा. स्क्रीन काळीच राहत असेल तर ग्राफिक्सचा प्रश्न आहे: पेन ड्राइव्हच्या पहिल्या मेन्यूत 'कंपॅटिबिलिटी मोड' निवडा. तो कर्नलला 'नोमोडसेट' हा पर्याय देतो, म्हणजे ग्राफिक्सचा खास ड्रायव्हर सुरू न करता साध्या पद्धतीने चित्र दाखवतो.

इन्स्टॉलरला हार्ड डिस्कच दिसत नाही, असेही होते. बायोसमध्ये साटा मोड 'रेड' किंवा 'इंटेल आरएसटी' असा असेल तर तो 'एएचसीआय' करावा लागतो. पण तो तसाच बदलला तर विंडोज निळा पडदा दाखवून थांबते, कारण बूट होताना एएचसीआयचा ड्रायव्हर तयार नसतो. क्रम असा ठेवा: विंडोजमध्ये 'एमएसकॉन्फिग' उघडून बूट टॅबमध्ये 'सेफ बूट' ला खूण करा, रीस्टार्ट करताना बायोसमध्ये जाऊन एएचसीआय निवडा, विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होईल आणि योग्य ड्रायव्हर उचलेल, मग ती खूण काढून पुन्हा रीस्टार्ट. सेफ मोडमध्ये पिनने आत जाता येत नाही अशी वेळ येते, म्हणून खात्याचा खरा पासवर्ड आधीच लक्षात असू द्या.

इन्स्टॉलेशन

डेस्कटॉपवरचा 'इन्स्टॉल' दाबा. लॅपटॉप चार्जरला लावलेला असू द्या. भाषा आणि कीबोर्ड निवडल्यावर 'मल्टीमीडिया कोडेक्स' टाकायचे का असे विचारतो, हो म्हणा. सिक्युअर बूट चालू असेल तर तिथेच एक पासवर्ड मागतो. तो लिहून ठेवा, पहिल्या रीस्टार्टला लागणार आहे.

मग येतो तो एकच पडदा जिथे चूक महागात पडते. 'विंडोज बूट मॅनेजरच्या शेजारी इन्स्टॉल करा' हा पर्याय दिसत असेल तर तोच घ्या, तो मोकळी जागा वापरतो. 'इरेज डिस्क' म्हणजे विंडोज, डी ड्राइव्ह, रिकव्हरी, सगळे साफ. 'समथिंग एल्स' मध्ये पार्टिशन स्वतः बनवता येतात: 'फ्री स्पेस' असलेली ओळ निवडा, अधिकचे चिन्ह दाबा, प्रकार एक्स्ट४ (लिनक्सची फाइल सिस्टिम), माउंट पॉइंट (पार्टिशन जोडायची जागा) फक्त एक तिरपी रेघ म्हणजे रूट. घरच्या वापराला एवढे एकच पार्टिशन पुरते. स्वॅपसाठी वेगळे पार्टिशन लागत नाही, इन्स्टॉलर स्वॅप फाइल बनवतो. होम (तुमच्या फाइलींचा फोल्डर) वेगळे ठेवण्याचा सल्ला पुष्कळ ठिकाणी मिळेल. पण ५० जीबीत दोन भाग केले की एक भरतो आणि दुसरा रिकामा राहतो, म्हणून लहान डिस्कवर तो सल्ला मानू नये.

यूईएफआय मशीनवर १०० ते ५०० एमबीचे एक फॅट३२ पार्टिशन आधीपासून असते, 'ईएफआय' नावाचे. विंडोजचा बूट करणारा भाग त्यातच राहतो आणि लिनक्सही शेजारी आपली फाइल ठेवते. त्याच्या समोरच्या 'फॉरमॅट' चौकटीला खूण लागलेली नाही ना, दोनदा पाहा. ती लागली तर विंडोज डिस्कवर असूनही उघडणार नाही.

लेगसी मशीनवर सर्वांत खाली 'बूटलोडर कुठे टाकायचा' ही यादी असते (बूटलोडर म्हणजे सुरुवातीला सिस्टिम निवडून सुरू करणारा छोटा प्रोग्राम). तिथे पूर्ण डिस्क निवडायची, म्हणजे 'एसडीए'. 'एसडीए१' नाही, ते त्या डिस्कचे एक पार्टिशन आहे. चुकून पेन ड्राइव्ह निवडला, जो बहुधा 'एसडीबी' असतो, तर लिनक्स फक्त पेन ड्राइव्ह लावलेला असतानाच सुरू होईल आणि काढला की थेट विंडोज. कुठली डिस्क कोणती हे नावावरून नाही, आकारावरून ओळखा. एनव्हीएमई डिस्कची नावे वेगळी असतात, 'एनव्हीएमई०एन१' अशी.

एसएसडीवर १५-२० मिनिटांत, फिरत्या डिस्कवर पाऊण तासापर्यंत काम होते. रीस्टार्ट करताना सिक्युअर बूटचा पासवर्ड दिला असेल तर एक निळा पडदा येतो. त्यात 'एनरोल मोक' निवडून तोच पासवर्ड टाका. काही सेकंदांत काही दाबले नाही तर हा पडदा निघून जातो, मग एनव्हिडियाचा किंवा ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर टाकलेला असूनही चालत नाही आणि कारण कळत नाही.

पहिल्या आठवड्यात

सगळ्यात आधी अपडेट मॅनेजर चालवा, मग ड्रायव्हर मॅनेजर. अपडेट चालू असताना दुसरीकडून काही टाकायला गेलात तर 'लॉक मिळत नाही' अशी चूक येते. एका वेळी एकच प्रोग्राम पॅकेजच्या नोंदवहीत लिहू शकतो म्हणून ते कुलूप असते. दहा मिनिटे थांबा. कुलपाची फाइल पुसून टाकायचा सल्ला सर्रास दिला जातो. अपडेट खरेच चालू असेल तर त्याने नोंदवही बिघडते, म्हणून तसे करू नका.

त्यानंतर टाइमशिफ्ट. हा सिस्टिमचा स्नॅपशॉट घेतो, म्हणजे उद्या एखाद्या अपडेटने काही बिघडले तर कालच्या स्थितीवर परत जाता येते. तो तुमचे फोटो आणि कागदपत्रे धरत नाही, त्यांचा बॅकअप वेगळा घ्यायलाच हवा. रोजचे दोन स्नॅपशॉट ठेवा, जास्त नको. पहिला स्नॅपशॉट जवळजवळ सिस्टिमएवढीच जागा घेतो. ५० जीबीच्या रूटमध्ये पाच-सहा स्नॅपशॉट साठले की जागा संपू शकते, आणि रूट पूर्ण भरले की पासवर्ड बरोबर असूनही लॉगिनचा पडदा पुन्हा पुन्हा येत राहतो. लोकांना वाटते पासवर्ड बिघडला.

विंडोजमध्ये जाऊन आल्यावर घड्याळ काही तास पुढे-मागे दिसेल. मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ लिहिते, लिनक्स जागतिक वेळ. टर्मिनलमध्ये 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' ही आज्ञा दिली की दोघांचे एकमत होते.

प्रोग्राम टाकण्याची सवय बदलावी लागते आणि ती बदललेलीच बरी. विंडोजसारखे गावभर शोधून फाइल उतरवू नका. सॉफ्टवेअर मॅनेजर उघडा, नाव शोधा, टाका. तिथे एकाच प्रोग्रामच्या दोन नोंदी दिसतील, एक 'सिस्टिम पॅकेज', एक 'फ्लॅटपॅक'. पहिला लहान असतो आणि सिस्टिमबरोबर अपडेट होतो. दुसरा बहुधा जास्त नवा, पण स्वतःच्या लायब्ररी घेऊन येतो, पहिल्या वेळी जीबीभर जागा सहज घेतो. डिस्क लहान असेल तर पहिला घ्या.

मराठी टाइप करण्यासाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठीचा लेआउट जोडता येतो. इन्स्क्रिप्ट येत असेल तर काहीच शिकायला नको. उच्चारानुसार टाइप करायची सवय असेल तर 'कगप' नावाचा लेआउट पाहा किंवा आयबस (वेगवेगळ्या भाषा टाइप करायची व्यवस्था) आणि त्याचे एम१७एन पॅकेज टाकून मराठी फोनेटिक निवडा. देवनागरी फॉन्ट नोटो आणि लोहित यांचे मिळतात. मंगल फॉन्टमध्ये केलेले विंडोजचे दस्तऐवज उघडतील, पण दुसरा फॉन्ट लागून पानांची मांडणी सरकेल. युनिकोडपूर्व काळातल्या फॉन्टमध्ये टाइप केलेले जुने मजकूर मात्र तो फॉन्ट नसेल तर इंग्रजी अक्षरांच्या खिचडीसारखे दिसतात. दोष लिनक्सचा नाही, नव्या विंडोजवरही तेच होते. असे मजकूर एकदाच युनिकोडमध्ये रूपांतर करून ठेवावेत.

लिबर ऑफिसमध्ये साधी पत्रे, तक्ते, बिले व्यवस्थित चालतात. मॅक्रो असलेल्या एक्सेल फाइली, क्लिष्ट मांडणीची वर्ड फाइल यांत फरक पडतो. मायक्रोसॉफ्ट ऑफिसची डेस्कटॉप आवृत्ती आणि अ‍ॅडोबीचे प्रोग्राम लिनक्ससाठी निघत नाहीत. वाइन नावाचा थर काही विंडोज प्रोग्राम चालवतो, पण ज्यावर पोट अवलंबून आहे असे काम त्याच्या भरवशावर ठेवू नका. त्यासाठीच तर विंडोज शेजारी ठेवले आहे.

टर्मिनलची भीती बाळगू नका, पण त्याचे तीन नियम पाळा. एक, 'सुडो' ने सुरू होणारी आज्ञा पूर्ण अधिकाराने चालते, म्हणून न समजता चिकटवू नका. दोन, पासवर्ड टाइप करताना ठिपकेसुद्धा दिसत नाहीत, कीबोर्ड बिघडलेला नसतो, टाइप करून एंटर दाबा. तीन, 'आरएम' ने पुसलेली फाइल कचरापेटीत जात नाही. आणि हो, लिनक्समध्ये मोठे-छोटे अक्षर वेगळे मानले जाते, एकाच नावाच्या दोन फाइली अक्षराच्या फरकाने शेजारी राहू शकतात.

मशीन सुरू झाले नाही तर

थेट विंडोजच उघडत असेल तर लिनक्स पुसले गेले असे समजू नका. विंडोजच्या अपडेटने बूटचा क्रम बदललेला असतो. बायोसमध्ये जाऊन बूट क्रमात 'उबुंटू' या नावाची नोंद वर आणा, मिंटसुद्धा याच नावाने दिसते. उलट मेन्यूत विंडोज दिसत नसेल तर कारण वेगळे असू शकते: ग्रब या बूटलोडरच्या २.०६ आवृत्तीपासून दुसरी सिस्टिम शोधणारा भाग मुळात बंद असतो. '/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब' या फाइलमध्ये 'ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर' ची किंमत 'फॉल्स' करा, ती ओळ नसेल तर लिहा. फाइलमध्ये हे नाव सगळे मोठ्या अक्षरांत असते. मग 'सुडो अपडेट-ग्रब' चालवा. पुढच्या वेळी विंडोजची ओळ दिसेल.

नव्या कर्नलनंतर काही चालेनासे झाले तर सुरुवातीच्या मेन्यूत 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' मध्ये जुना कर्नल असतो, त्यावरून सुरू करा. मेन्यूच दिसत नसेल तर सुरू होताना एस्केप एकदाच दाबा, लेगसी मशीनवर शिफ्ट दाबून धरा.

लिनक्स नको झाले तर काढतानाही क्रम महत्त्वाचा आहे. आधी बायोसमध्ये 'विंडोज बूट मॅनेजर' पहिला करा, विंडोज सुरू होते याची खात्री करा, मगच डिस्क मॅनेजमेंटमधून लिनक्सचे पार्टिशन काढून जागा सी ला जोडा. लेगसी मशीनवर नुसते पार्टिशन काढले तर ग्रबचा पहिला तुकडा डिस्कच्या सुरुवातीला राहतो, बाकीचा भाग सापडत नाही आणि काळ्या पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' एवढेच दिसते. तिथे विंडोजच्या इन्स्टॉलेशनच्या पेन ड्राइव्हवरून दुरुस्तीच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'बूटरेक /फिक्सएमबीआर' द्यावे लागते.

मिंटचा पेन ड्राइव्ह इन्स्टॉलेशननंतर पुसू नका. दोन्ही सिस्टिम उघडेनाशा झाल्या तरी त्यावरून लाइव्ह सुरू करून, फाइल मॅनेजरच्या डाव्या पट्टीत हार्ड डिस्कचे पार्टिशन उघडून, 'होम' मधल्या फाइली बाहेरच्या डिस्कवर कॉपी करता येतात. विंडोजच्या सी ड्राइव्हमधूनही, फक्त वाचण्यापुरता उघडला तरी.